नावांशिवाय हिशेब कसला?

12 ऑक्टोबर 2025 ला माहिती अधिकार कायदा लागू होऊन 20 वर्षे झाली. त्या निमित्ताने या दिवाळी अंकातला एक विभाग सार्वजनिक पैशाच्या हिशेबाला दिला आहे. फराळाबरोबर भ्रष्टाचार कशाला, असे कुणी म्हणेल. पण घोटाळ्यांच्या बातम्या वर्षभर वाचून आपण निगरगट्ट झालो आहोत. म्हणून इथे एका साध्या कागदाबद्दल, हजेरीपत्रकाबद्दल.

डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानातल्या कोट किराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई, म्हणजे जाहीर सुनावणी, घेतली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांची ही संघटना. सरकारी कामांच्या, हजेरीच्या नोंदी लोकांसमोर वाचल्या गेल्या आणि त्यातला बनाव उघडा पडू लागला. पुढच्या सुनावण्यांतही तेच दिसले: मजुरी उचलणाऱ्यांत कुणी कधीच वारलेला, कुणी गाव सोडून गेलेला, कुणी कामावर फिरकलेलाच नाही. कागदावरच्या बेरजा चोख असू शकतात. माणूस खोटा आहे हे त्याला ओळखणाऱ्यांनाच कळते. अशा नोंदी पाहण्याच्या हक्कासाठी 1996 मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला 40 दिवसांचे धरणे झाले. इकडे अण्णा हजारे यांनी 2003 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर याच हक्कासाठी उपोषण केले आणि केंद्राच्या आधीच महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा आला. रोजगार हमी जिथे जन्मली, त्या राज्याला मस्टर, म्हणजेच हजेरीपत्रक, काय असते हे सांगावे लागत नाही.

आता मस्टरवरच्या याच नावांवर पडदा पडू पाहतो आहे. खासगी माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(जे) नुसार दाखवावे लागे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने या अटी काढल्या. माहिती वैयक्तिक आहे, एवढे कारण पुरेसे. व्यापक जनहिताची वाट कलम 8(2) मध्ये उरली आहे, पण ते जनहित जोखणार माहिती दडवू पाहणारेच कार्यालय.

खासगीपणा जपलाच पाहिजे. कुणाचा आजार, कुणाचे बँक खाते चव्हाट्यावर यायला नको. मात्र सरकारी तिजोरीतून कुणाला, कोणत्या कामाचे, किती पैसे मिळाले ही खासगी बाब नव्हे. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करा, असे कलम 4 सांगतेच. नाव झाकून दिलेला हिशेब तपासता येत नाही. ही दुरुस्ती मागे घेतली पाहिजे.

वाचकहो, तुमच्या गल्लीतला एखादा रस्ता किंवा गटार निवडा. त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयके माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. गावात असाल तर ते कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा.



— संपादक