एक कप चहा आणि चहाचा कप



सहामाही परीक्षेत निबंधाचा विषय होता 'माझा रविवार'. एका मुलाने लिहिले, 'सकाळी उठून मी चहाचा एक कप प्यायलो.' मी त्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली. तास संपल्यावर तो मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, इंग्रजीत 'कप ऑफ टी' म्हणतात. 'ऑफ' म्हणजे चा, ची, चे. मग माझे चुकले कुठे?"

खरे सांगतो, मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण 'ऑफ म्हणजे चा, ची, चे' हे सूत्र मी स्वतः बी.एड.च्या वर्षी एका सराव पाठात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि ते वळणदार लिहिल्याबद्दल शाबासकीही मिळवली होती. बाजारातल्या कितीतरी मार्गदर्शक पुस्तकांत ते तसेच छापलेले असते. मी त्या मुलालाच उलट विचारले, "घरी अम्मीकडे चहा कसा मागतोस?"

"एक प्याली चाय."

"'चाय की एक प्याली' का नाही म्हणत?"

तो थोडा थांबला आणि हसून म्हणाला, "सर, ती तर प्याली झाली. मला चाय पाहिजे."

उत्तर त्याच्याजवळच होते. त्याने ते इंग्रजीत शोधले, म्हणून हरवले. माझे मत असे आहे की उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठी शिकताना इंग्रजीचा हात धरून चालू नये. तुमची स्वतःची भाषा तुम्हांला मराठीच्या दारापर्यंत नेऊन सोडते. इंग्रजी मात्र लांबच्या रस्त्याने नेते आणि मध्येच ठेच लागते. हे केवळ उर्दूच्या प्रेमापोटी म्हणत नाही. पुढे काही उदाहरणे देतो, ती तपासून पाहा.

माझ्या लहानपणची गोष्ट आहे. आमच्या शेजारी एक काकू राहत. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाळा, दुकानातून तेलाचे दोन डबे आण रे. पैसे मी मागाहून देते." मी दुकानात गेलो, काकूंचे नाव सांगितले आणि दुकानातल्या पोऱ्याच्या डोक्यावर तेलाने भरलेले दोन डबे देऊन ऐटीत परत आलो. काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांना रिकामे डबे हवे होते, फुलझाडे लावायला! "अरे, मी डबे म्हटले, तेल कुठे म्हटले?" असे म्हणून त्या हसत सुटल्या. भरलेले डबे परत गेले, रिकामे आले. त्यांतल्या एकात लावलेली जास्वंद पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या दारात फुलत होती.

काकूंनी 'दोन डबे तेल' म्हटले असते तर माझे वागणे बरोबर ठरले असते. 'दोन डबे तेल' यात मागणी तेलाची आहे. डबा हे फक्त माप आहे. 'तेलाचे दोन डबे' यात मागणी डब्यांची आहे. एक डझन संत्री, दोन किलो साखर, पाच मीटर कापड, चार पोती गहू, एक पेला पाणी : मापाच्या मागे मराठी 'चा' लावत नाही. उर्दूही लावत नाही. दो किलो शक्कर, पाँच मीटर कपड़ा. इंग्रजी मात्र डझन सोडला तर यांत प्रत्येक ठिकाणी मध्ये 'ऑफ' घालते. आता सांगा, मराठीच्या जवळ कोण?

पण नियम पाठ करून थांबू नका. 'पाहुण्यांच्या हातात चहाचा कप दिला' हे वाक्य अगदी शुद्ध आहे, आणि त्या कपात चहा असतोच. कोणी रिकामा कप पाहुण्यांच्या हातात देत नाही. 'चहाचा कप फुटला' म्हटले की मात्र फुटतो तो कप. पितो तो चहा, फुटतो तो कप, आणि हातात देतो ती दोन्ही मिळून एक वस्तू. वाक्यातले क्रियापद काय मागते ते पाहिले की गोंधळ होत नाही. माझ्या काकूंनाही हे ठाऊक असायला हवे होते, असे मला आजही वाटते! दुकानाचे नाव काढून 'तेलाचे डबे' म्हटल्यावर दहा वर्षांच्या मुलाने काय समजावे?

आता आपल्या शहराकडे वळू. इंग्रजीत 'सिटी ऑफ नागपूर' म्हणतात. याचे मराठी 'नागपूरचे शहर' असे मुले लिहितात. नागपूरच्या मालकीचे दुसरे एखादे शहर आहे काय? नागपूर हेच शहर आहे. म्हणून 'नागपूर शहर'. तसेच 'ऑगस्ट महिना', 'कन्हान नदी'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवणाऱ्या गोंड राजाचे नाव बख्त बुलंद शाह. बख्त म्हणजे भाग्य, बुलंद म्हणजे उंच. दोन फारसी शब्द शेजारी बसले आणि नाव झाले. मध्ये काही घालावे लागले नाही.

आपल्या गावातल्या बागांची नावे घ्या. महाराजबाग, गांधीबाग, ताजबाग. महाराजांची बाग ती महाराजबाग. 'ची' आत लपली, पण क्रम बदलला नाही : ज्याची बाग तो आधी, बाग नंतर. मराठी व्याकरणात याला समास म्हणतात. दीक्षेची भूमी ती दीक्षाभूमी. ज्याला जुनी माणसे जुम्मा तलाव म्हणतात त्यालाच शुक्रवारी तलावही म्हणतात; शब्द दोन भाषांतले, बांधणी एकच. पुढे त्याचे नाव गांधीसागर झाले, तरी तीही त्याच साच्यातली. मोमिनपुऱ्याचे नाव तुम्हीच सोडवून पाहा.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. 'घर का दरवाज़ा', 'घराचा दरवाजा' यांत घर आधी येते. इंग्रजीत 'ऑफ' आले की क्रम उलटतो. दरवाजा आधी, घर नंतर. काही मुले याला घाबरतात. पण असा उलटा क्रम तुम्ही लहानपणापासून वाचत आला आहात! 'दीवान-ए-गालिब' म्हणजे गालिबचा दीवान. 'माह-ए-रमजान' म्हणजे रमजान महिना. ज्याला मराठीत आपण फळा म्हणतो त्याला तुमच्या इतर विषयांचे शिक्षक 'तख्ता-ए-सियाह' म्हणतात. तख्ता आधी, काळेपणा मागून. ती जी इजाफतची छोटी जेर आहे ना, ती इंग्रजीच्या 'ऑफ'चीच बहीण समजा. 'का-की-के' ही मराठीच्या 'चा-ची-चे'ची बहीण. दोन्ही क्रम ज्याच्या घरात आहेत असा विद्यार्थी आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांपेक्षा एक पाऊल पुढेच आहे. त्यांना इजाफत ठाऊक नसते.

आणि मराठीलाही हे पाहुणे नवे नाहीत. आमदार, खासदार, हवालदार, करारनामा, जाहीरनामा या शब्दांतले 'दार' आणि 'नामा' फारसीतून आले आणि इथलेच झाले. कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक होते.

आता थोडी अवघड जागा. 'घर के दरवाज़े पर' असे तुम्ही म्हणता. 'घर का दरवाज़े पर' असे तुमच्यातले सर्वांत लहान मूलही म्हणणार नाही. पुढे 'पर' आला की 'दरवाज़ा'चे 'दरवाज़े' होते आणि 'का'चे 'के'. मराठीत पाहा : घराचा दरवाजा, पण घराच्या दरवाज्यावर. 'चा'चे 'च्या' झाले. हीच चूक वह्यांमध्ये सर्वांत जास्त सापडते : 'शाळेचा मैदानावर', 'भावाचा लग्नात'. या ठिकाणी इंग्रजीला काही विचारू नका. तिचा 'ऑफ' कधी बदलतच नाही. ती तुम्हांला काय शिकवणार? वाक्य मनातल्या मनात उर्दूत म्हणा. जिथे 'के' आला तिथे थांबून पाहा. पुष्कळ वेळा तिथे 'च्या' निघेल.

मात्र एका ठिकाणी उर्दूही फसवते, ते लपवून ठेवणे बरोबर नाही. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'मेरी किताब'वरून 'माझी पुस्तक' लिहाल तर चुकेल; ते 'माझे पुस्तक'. 'मेरा घर' ते 'माझे घर'. बाग शब्द तर दोन्हीकडे सारखा, पण उर्दूत तो बाग आणि मराठीत ती बाग. इथे पाठांतराला पर्याय नाही. शब्द शिकताना 'तो, ती, ते' लावूनच शिका.

आणखी एक इंग्रजी साचा आजकाल वर्तमानपत्रांतही फार दिसतो : 'सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक'. मला तो आवडत नाही. सर्वांत मोठे असते ते एकच. मग त्यांपैकी एक कसे? 'मोठ्या शहरांत नागपूरची गणना होते' असे लिहिले तर काय बिघडते? 'मुलांपैकी एक' हे मात्र ठीक आहे, 'लड़कों में से एक'सारखे. 'मुलांचा एक' असे लिहू नका. 'बँक ऑफ महाराष्ट्र' हे १९३५ साली स्थापन झालेल्या बँकेचे नावच आहे. ते बदलू नका. लोक बोलताना 'महाराष्ट्र बँक' म्हणतात, आणि बघा, क्रम आपोआप मराठी होतो.

तुम्ही म्हणाल, सर, दोन-चार गुणांसाठी एवढे कशाला? गुणांपुरते नाही. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्र राज्यात आहोत आणि १९६४ च्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. रेशनकार्डाचा अर्ज, दाखला, पोलीस ठाण्यातली तक्रार मराठीत असते. पुष्कळ घरांत हा कागद वडिलांच्या वतीने शाळेत जाणारे मूल लिहिते. पावतीवर 'दोन डबे तेल' लिहायचे की 'तेलाचे दोन डबे', हे त्या मुलाला कळले नाही तर नुकसान घरच्यांचे होते.

आपल्या विदर्भातलेच पातूर, अकोला जिल्ह्यातले. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूही होती. त्यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२४ साली ती पाटी कायम ठेवली आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. दोन्ही भाषा एका पाटीवर राहू शकतात, तर एका वहीतही राहू शकतात.

उद्या शाळेत येताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत या. ज्या पाटीवर 'चा-ची-चे' दिसेल, जिथे तो लपलेला असेल आणि जिथे 'ऑफ' ऐटीत बसला असेल, त्या वहीत उतरवा. प्रत्येक नाव उर्दूत कसे म्हणाल तेही शेजारी लिहा. वह्या पहिल्या तासाला पाहीन. आणि घरी गेल्यावर अम्मीला मराठीत चहा मागून पाहा. कप मागू नका.