शिकून पुढे काय?

परवा जालन्याला मावशीकडे गेले होते. मोसंबी सोलता सोलता मावशीनं विषय काढलाच. "लोकांची पोरं इंजिनिअर व्हायला फॉरेनला जातात, अन् ही पियानो शिकायला जायलीये. स्कॉलरशिप मिळाली खरी, पण परत येऊन काय करणार गं?"

मावसबहीण गप्प. मग मी वनराज भाटियांची गोष्ट सांगितली.

मुंबईचे भाटिया लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत संगीतरचना शिकले. मग रॉकफेलर स्कॉलरशिपवर पॅरिसला, थेट नादिया बूलाँजे यांच्याकडे. १९५९ मध्ये परतले, तर इथे सिंफनी हवी होती कुणाला? काम मिळालं जाहिरातींत. हजारो जिंगल्स केल्या. धबधब्याखालच्या 'लिरिल'ची ट्यून त्यांचीच! पुढे 'अंकुर', 'मंथन'चं संगीत, 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. २०२१ मध्ये ते गेले. शेवटची वर्षं मात्र पैशांच्या ओढाताणीत गेली.

"बघ! मी तेच म्हणतेय," मावशीनं नेमकं शेवटचं वाक्य उचललं.

खोटं कसं म्हणू? मीही फ्रीलान्सर. चेकची वाट बघणं काय असतं, ते मला विचारा. म्हणून बहिणीला म्हटलं, "जा तू. पण फी कशी मागायची अन् करार कसा वाचायचा, तेही शिकून ये."

तिनं कॅसिओ ओढला आणि लिरिलची ट्यून वाजवली. मावशी हातातली मोसंबी सोलत गुणगुणायला लागली. तिच्या लक्षातही आलं नाही. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.