न घडलेल्या विमानाची प्रतिकृती

यंदाच्या शालेय प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलामुलींनी एक लढाऊ विमान मांडले होते. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले मांजरपाट, दोन मजली पंख, पुढे नऊ नळकांड्यांचे इंजिन. बाहेरून आलेल्या परीक्षक महाशयांनी ते हाती घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "याचे मूळ छायाचित्र कोठे आहे?" मुलांनी सांगितले की असे विमान कधी झालेच नाही, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या देशात ते झाले असते तर कसे असते, हे आम्ही करून पाहिले आहे. "म्हणजे खोटेच!" असे म्हणून परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळले.

तो 'खोटेच' हा शब्द आम्हांस बरेच दिवस सलत राहिला, आणि या लेखाचे निमित्तही तोच आहे. पालकांपैकीही काहींनी आम्हांस विचारले की, दहावी तोंडावर आली असता मुलांना असल्या खेळात का गुंतविता? प्रश्न रास्त आहे. परंतु आमचे प्रांजळ मत असे की, न घडलेल्या वस्तूची प्रतिकृती करणे हे घडलेल्या वस्तूची नक्कल करण्याहून कठीण असते आणि खरे बोलण्याची सवय त्यानेच अधिक लागते.

नक्कल करणाऱ्यास आकार दिसतो, कारण दिसत नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांकडून विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. प्रमाण होते बहात्तरास एक, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस एक इंच. आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना ओळखता यावे, एवढाच त्यांचा उपयोग होता, आणि त्या कामी नक्कलच हवी होती. आमच्या मुलांपुढे मात्र नक्कल करण्याजोगे काही नव्हते. प्रत्येक खिळ्यापाशी 'असेच का?' हा प्रश्न उभा राहत होता.

प्रमाण ठरले एका फुटास अर्धा इंच. तीस फुटांचा पंख पंधरा इंचांचा झाला. पहिला तंटा इंजिनावरून. पेन्सिलीचे तुकडे कापून त्यांवर काळा दोरा गुंडाळला की हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची नळकांडी हुबेहूब दिसतात. मुलांनी अशी आठ नळकांडी केली, कारण आठाचे वर्तुळ आखावयास सोपे. आम्ही नववे करावयास लावले. अशा वर्तुळाकार इंजिनाच्या एका रांगेत नळकांड्यांची संख्या विषम ठेवावी लागते. स्फोट एकाआड एक होत जातात, पहिल्यानंतर तिसऱ्यात, मग पाचव्यात, आणि संख्या विषम असली तरच दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी सारख्या अंतराने येते. हे कळल्यावर मुलांनी स्वतःच आठ तुकडे उखडून काढले. (डिंकासकट, हे सांगावयास नको.)

दुसरा तंटा वेगाचा. एकाने फलकावर ताशी सहाशे किलोमीटर लिहिले. ब्रिटिश हवाई दलातील पहिले दोनशे मैलांची मर्यादा ओलांडणारे लढाऊ विमान, हॉकर फ्युरी, १९३१ साली आले. म्हणजे वेग ताशी सुमारे तीनशे तेहेतीस किलोमीटर. त्याचे इंजिन द्रवाने थंड होणारे, नाक निमुळते आणि देखणे. मुलांना तेच हवे होते. पण ज्याचे सुटे भाग देशात मिळतात तेच इंजिन नवख्या कारखान्याने घ्यावे, आणि ते होते हवेने थंड होणारे ब्रिस्टल ज्युपिटर. कराचीला १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तिच्याजवळच्या चार वापिटी विमानांना तेच होते. (ही वापिटीदेखील एका जुन्या विमानाचे शिल्लक भाग खपावेत म्हणून आखलेली! खरी विमानेही पुष्कळदा अशी जुळवाजुळवीचीच असतात.) ज्युपिटर म्हटल्यावर वेग दोनशे ऐंशीवर आला. ॲल्युमिनियम त्या काळी देशात तयार होत नव्हते, म्हणून सांगाडा लाकडाचा. सागवान मजबूत खरे, पण परदेशी स्प्रूसच्या जवळजवळ दीडपट जड. शिवाय आपल्या बुऱ्हाणपुरातील वैशाखाचे ऊन! पंचेचाळीस अंशांवरची हवा पंधरा अंशांवरच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचलतात आणि विमानास जमिनीवरून अधिक लांब धावावे लागते. गणिताच्या तासाला ज्या मुलांना शेकडेवारी म्हटले की जांभया येतात, त्यांनीच हा हिशेब मधल्या सुट्टीत केला.

आम्ही कोकणी घरात वाढलो. कागदावर होडी कितीही डौलदार काढा, पाण्यात उतरली की ती लटके बोलत नाही, हे समुद्रकाठच्या पोरास सांगावे लागत नाही. इतवाऱ्यात समुद्र नाही. तेव्हा ही साक्ष आम्हांस इंजिनाकडून आणि उन्हाकडून काढून घ्यावी लागली.

तिसरा तंटा सालाचा. मुलांनी प्रथम १९३४ लिहिले होते. आम्ही विचारले, आराखडा कोण करणार? शोधता शोधता मुलांस विष्णु माधव घाटगे यांचे नाव सापडले. हे मराठी गृहस्थ त्या वर्षी जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांट्ल या जगविख्यात आचार्यांच्या हाताखाली शिकत होते. १९३६ साली त्यांनी तेथील डॉक्टरेट मिळविली. मग कारखाना? सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरचा विमान कारखाना काढला तो २३ डिसेंबर १९४० रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटल्यावर. आमच्या मुलांनी इतिहासातील एवढी एकच गोष्ट बदलली: कारखाना पाच वर्षे आधी निघाला. मग घाटगे परत येतात तो कारखाना तयार, आणि विमानाचे साल १९३८. प्रत्यक्षात घाटग्यांच्या आराखड्याचे एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले १९५१ साली. तेरा वर्षांचे हे अंतर मुलांनी आमच्या सांगण्याविना मोजले.

आता 'खोटेच' या शब्दाकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, असे आपण अनेकदा ऐकतो. तळपदे हे खरे व उद्योगी गृहस्थ. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही. 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाचेही तसेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली तो तपासून सांगितले की, तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत. तरी २०१५ साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. या कल्पना सुंदर असतील. दोष इतकाच की, त्यांच्या गळ्यात 'कल्पना' अशी पाटी नाही. मुलांच्या विमानाच्या बैठकीवर मात्र पहिलाच शब्द 'काल्पनिक' हा आहे, आणि इतिहासात कोणता फेरफार केला ते त्याखाली लिहिले आहे. मग खोटे कोणते? परीक्षक महाशयांनी पाटी वाचली असती तर बरे झाले असते.

सर्वांत अवघड प्रसंग शेवटी आला. पंखांवर चिन्ह कोणते? मुलांनी केशरी, पांढरा, हिरवा असे तीन रंग आणून ठेवले होते. आम्ही म्हणालो, बदल एकच केला ना? मग १९३८ साली राज्य इंग्रजांचेच आहे; चिन्ह तांबडे-पांढरे-निळे, ब्रिटिश हवाई दलाचे. वर्ग एकदम शांत झाला. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मग सर, हे विमान लढले असते कोणाशी?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि ते द्यावेच लागले. भारतीय तुकडीच्या वापिटी विमानांना १९३७ साली वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात पाठविण्यात आले होते, इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या टोळ्यांवर. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर १९१८ साली फ्रान्सच्या आकाशात लढताना पडले, तेही त्याच चिन्हाखाली. त्यांचे आडनाव उच्चारले की आम्हांस गोव्याचे वेलिंग गाव आठवते, आणि अभिमान वाटावा की दुसरे काही, ते नीट ठरत नाही. हे आम्ही मुलांना तसेच सांगितले.

मुलांनी दोन दिवस वाद घातला. काहींचे म्हणणे, खरे तेच रंगवावे. काहींचे म्हणणे, आपल्या हाताने ते चिन्ह काढवत नाही. आमचे मत पहिल्या पक्षाचे होते आणि अजूनही आहे; परंतु प्रतिकृती त्यांची होती. अखेर पंखांवर कंपासने चार वर्तुळे आखून त्यांत नुसता पांढरा रंग भरला गेला. विमान आता प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. पाटीवर 'काल्पनिक, १९३८' या शब्दांखाली त्या मुलीच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'चिन्हाबद्दल वर्गात एकमत झाले नाही.'