कॉफीचे झाड आणि सातबारा

गेल्या हिवाळ्यात अमरावतीकडे काम करणाऱ्या मैत्रिणीने चिखलदऱ्याच्या कॉफीचा एक पुडा मला दिला. महाराष्ट्रात कॉफीच्या शेतीचा विषय निघाला की मेळघाटातल्या या गावाचेच नाव पुढे येते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंची, थंड हवा, आणि इंग्रजांच्या काळात लावलेली झाडे. पीक थोडे, म्हणून मिळायला दुर्मीळ. तो पुडा मी आजरा तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेले.

आपल्या घरातली कॉफी म्हणजे दूध, भरपूर साखर आणि वरून जायफळ. ही तशी करायची नव्हती. मैत्रिणीने बजावले होते की पाणी उकळल्यावर मिनिटभर खाली उतरवून ठेव, एक पेला पाण्याला जाडसर पुडीचे तीन लहान चमचे घाल, चार मिनिटे झाकून गाळून घे, आणि पूड पाण्यात उकळू नकोस, कडवट होते. तसे केले. पहिल्या घोटाला एक मावशी म्हणाल्या, "काढा हाय जणू!" दुसऱ्या घोटाला म्हणाल्या, "न्हाई, मागनं गुळासारकं लागतंय." मग सगळ्यांनी चवीने कॉफी घेतली आणि साहजिकच प्रश्न आला : हे झाड आपल्याकडे येईल का?

मी माहिती गोळा करून नेलीच होती. चांगल्या चवीसाठी नावाजलेल्या अरेबिका जातीला साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची मानवते. आमचा आजरा-चंदगडचा पट्टा त्याहून खाली आहे. रोबस्टा जात कमी उंचीवर येते, पण तिला भाव कमी. झाडाला सावली लागते, आणि लावल्यापासून पहिले फळ हाती यायला तीन-चार वर्षे जातात. मी हे सांगत असताना मागे बसलेली एक बाई बोलली. नवऱ्याने दुसरे घर केलेली, सासरच्या अर्ध्या एकरावर राबून दोन मुले वाढवणारी. म्हणाली, "ताई, फळ चार वर्सांनी धरनार म्हंता. तवर रान माज्याकडं ऱ्हातंय काय?"

बैठक तिथेच थांबली. मी उंची मोजली होती, पाऊस मोजला होता, सातबारा पाहिला नव्हता.

त्या प्रश्नाने मला कॉफीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले. कोल्हापुरातही आता कॉफीची नवी दुकाने निघाली आहेत. तिथे महागड्या पुड्यावर झाडाची जात, मळ्याची उंची, फळ कसे वाळवले, चवीला संत्रे की चॉकलेट, हे सगळे छापलेले असते. मालकाचे नाव असते. फळ कोणी तोडले, ते नसते. पनामातल्या एका मळ्याने २००४ साली लिलावात आणलेली गेशा ही मूळ इथिओपियाची जात एकदम जगप्रसिद्ध झाली. २०२५ च्या लिलावात तिला किलोला तीस हजार डॉलरहून अधिक भाव मिळाला. जातीला नाव आहे, मळ्याला नाव आहे, घेणाऱ्याला नाव आहे.

आता हा भाव तयार कसा होतो ते पाहू. कॉफीची फळे एका वेळी पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे आणि लाल फळ शेजारी शेजारी असते. चांगली कॉफी हवी तर फक्त लाल फळ तोडायचे, हिरव्याला धक्का लावायचा नाही, आणि त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परत यायचे. पाच-सहा किलो पिकलेल्या फळांतून जेमतेम किलोभर बी निघते. ते वाळवल्यावर काळे, फुटके, किडके दाणे एकेक करून वेचून काढायचे. यातली पुष्कळशी तोडणी आणि निवड बायकांच्या हातची असते. चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायकाच हे करीत आल्या आहेत. म्हणजे 'दुर्मीळ' या शब्दाची जी किंमत बाजार मोजतो, तिच्यातला मोठा वाटा त्यांच्या नजरेचा आणि बोटांचा आहे.

पण या कौशल्याला कौशल्य म्हणायची रीत नाही. आमच्याकडे भांगलण बाईचे काम, म्हणून तिचा पगार पुरुषाहून कमी. काजू सोलताना टरफलातल्या तेलाने बोटे काळी पडतात, भाजतात, तरी ते 'बसून करायचे हलके काम'. दुकानात कॉफी करणाऱ्याला प्रशिक्षण मिळते, पगार मिळतो. घरात आणि मंडळाच्या सभेत चहा-कॉफी बाईने करायची, ते तिच्या अंगचेच म्हणून. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बियाण्याची लोंबी निवडून, राखेत घोळून, कणगीत जपणारे हात कोणाचे होते, हे मानांकनाच्या कागदावर येत नाही.

कोणी म्हणेल, आता 'महिलांनी पिकवलेली कॉफी' असे लिहून माल विकला जातो की. खरे आहे. २००३ मध्ये कॉफीतल्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली, भारतातही तिची शाखा आहे. अशा प्रयत्नांची मी थट्टा करणार नाही. त्यातून बायकांना बाजार कळतो, आपल्या मालाची चव स्वतः पारखता येते. पण पुड्यावरचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव यांत फरक आहे. पुडा संपला की पहिले नाव कचऱ्यात जाते.

भात, नाचणी हंगामी पिके आहेत. जमीन सुटली तर एका हंगामाचे नुकसान. कॉफी, काजू, आंबा अशा झाडांच्या शेतीत बाई चार वर्षे पाणी घालते आणि झाड पुढे कित्येक वर्षे फळ देते. ज्याच्या नावावर जमीन, झाड त्याचे. कर्ज, अनुदान, पीकविमा यांची वाटही साधारणपणे त्याच उताऱ्यावरून जाते. म्हणून बाईच्या नावावर जमीन नसताना तिला बहुवर्षीय पिकाचा सल्ला देणे म्हणजे तिच्या फुकट श्रमातून दुसऱ्याची मालमत्ता वाढवणे. हा सल्ला मीही देऊन आले होते.

कायद्याने वाटा दिला नाही असे नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन १९८६ चे. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. नवऱ्याच्या हयातीत सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय शासनानेही केली. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर विवाहितांचा दावा मंजूर झाला की पट्टा दोघांच्या नावे देण्याची तरतूद आहे. मेळघाटातल्या कोरकू बाईसाठी ही मोठीच गोष्ट. अडते ते अंमलात, आणि भावाला दुखवायचे नाही म्हणून लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रात.

म्हणून माझे सुचवणे साधे आहे. आपल्या संघटना आणि गट नवे पीक सुचवतील तेव्हा रोपाआधी उतारा मागवू या. नाव नसेल तर पहिले काम नाव लावण्याचे. ते शक्य नसेल, तर झाडाचे आयुष्य लक्षात घेऊन लेखी, लांब मुदतीचा करार, आणि झाडांवर गटाचा हक्क त्यात नमूद केलेला. तोडणी आणि निवड ही कुशल कामे धरून मजुरी ठरवायची. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. सत्कार आणि शाली यांपेक्षा प्रत्येक गटाने सभासदांचे उतारे काढून पाहणे हा ते पाळण्याचा चांगला मार्ग होईल.

आमच्या गटाने कॉफी लावलेली नाही. आम्ही तेरा जणींचे उतारे काढले. त्यांत बाईचे नाव दोनच ठिकाणी निघाले, दोघीही विधवा. ज्या बाईने प्रश्न विचारला तिचे नाव कुठेच नव्हते. मुलांच्या वाट्यासाठी आणि तिच्या पोटगीसाठी आता वकिलांकडे कागद दिले आहेत. पुड्यातली कॉफी अजून थोडी शिल्लक आहे. ती निकालाच्या दिवशी करायची, आणि त्या दिवशी ती तिने करायची नाही, असे मावशींनी ठरवले आहे.