फाटलेल्या बाहुलीचा हिशेब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मराठवाड्याला नवी नाही. लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे, २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने मूळचे रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. पण वयामुळे आलेला मोतीबिंदू वेगळा आणि उसाचे पान, तुरीची काडी किंवा मळणीयंत्रातून उडालेला खडा लागून आलेला वेगळा. माराने कधी भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटतात, तर कधी बाहुली आकुंचित करणारा बुबुळातला स्नायूच फाटतो. अशा डोळ्यात भिंग बसवले की काम संपले, असे मानणे मला पटत नाही. बाहुली तीन मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटर उघडी राहिली, तर आत चौपट उजेड शिरतो. अंधाऱ्या खोलीत तक्त्यावरची अक्षरे वाचणारा माणूस मग नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हात, रानात, तो डोळा मिटूनच चालतो.

यावर उपाय आहे. केसाहून बारीक पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने बुबुळाच्या फाटलेल्या कडा जवळ आणून गाठ मारायची, की बाहुली पुन्हा लहान होते. हे केवळ रूप सुधारण्यासाठी आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण चौपट उजेड हा रूपाचा प्रश्न नाही, रोजगाराचा आहे. काळा चष्मा चालणार नाही का? थोडाफार चालेल, मात्र त्याने चांगल्या डोळ्यापुढेही अंधार होतो. आणि मोतीबिंदूच्या रांगा लागलेल्या असताना एका डोळ्यावर इतका वेळ घालवावा का, हा प्रश्न रास्तच आहे. मागचा पडदाच निकामी असेल किंवा बुबुळाचा मोठा भाग गेला असेल, तर टाका घालून उपयोग नाही, हेही खरे. म्हणून आधी नीट तपासणी हवी, सरसकट शस्त्रक्रिया नको.

कृत्रिम भिंगाची कल्पना मुळात जखमी डोळ्यांतूनच आली. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले पर्स्पेक्स या प्लास्टिकचे कण डोळा सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडले यांनी पाहिले आणि १९४९ मध्ये लंडनमध्ये त्याच प्लास्टिकचे पहिले भिंग बसवले. आपल्याकडे २ जुलै २०१२ रोजी मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. त्याच नांदेडपासून आता एवढे व्हावे: मार लागलेल्या डोळ्याच्या कागदावर भिंगाच्या नंबराशेजारी बाहुलीचे माप लिहावे आणि घरी सोडण्यापूर्वी रुग्णाला एकदा दुपारच्या उन्हात उभे करून बघावे.