हिब्रू हवी, आणि ती मराठी मुलखातल्या विद्यापीठांत हवी

ज्यूंचा इतिहास, त्यांचा धर्म आणि हिब्रू भाषा यांचा पदवीपासून संशोधनापर्यंतचा पूर्ण अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत असावा, असे म्हटले की काही आक्षेप ठरल्यासारखे पुढे येतात. देशात ज्यू उरलेत मूठभर, त्यांच्यासाठी प्राध्यापक कशाला? हिब्रू शिकून पोट भरेल का? धर्म शिकायचा तर सिनेगॉगमध्ये शिका, विद्यापीठाला त्यात ओढू नका. आणि सर्वांत मोठ्या आवाजात घेतला जाणारा आक्षेप असा, की हा विषय म्हणजे इस्रायलच्या राजकारणाची भलामण. आक्षेप घेणाऱ्यांत चांगली वाचती माणसे आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

संख्येचा आक्षेप आधी निकालात काढू. एखाद्या विषयाचे मोल त्या समाजाच्या खानेसुमारीवरून ठरत असते, तर पालीचे वर्ग कधीच बंद पडले असते. पारशी समाज लहान आहे, तरी अवेस्ता आणि पहलवी मुंबई विद्यापीठात शिकवल्या गेल्या आणि त्याचा लाभ साऱ्या भारतविद्येला झाला. शिवाय हिब्रूची मागणी नवी नाही. 1857 साली स्थापन झालेल्या याच विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर यांना हिब्रूचे परीक्षक नेमले होते. परीक्षक होते म्हणजे परीक्षा होती, आणि परीक्षेला बसणारे विद्यार्थीही होते. ज्या वाटेवर आपले आजोबा-पणजोबा चालत होते, ती नातवंडांना परकी का वाटावी?

पोटापाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत, अर्धमागधी शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जातो. त्याचे जे उत्तर त्यांचे, तेच हिब्रूवाल्याचे.

धर्माचा आक्षेप मात्र खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. तो घेणाऱ्यांच्या मनात धर्म म्हणजे पूजाविधी आणि श्रद्धा. त्यांनी एकदा बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचे पान डोळ्यांखालून घालावे. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग नावाच्या ख्रिस्ती मुद्रकाने 1520 ते 1523 या काळात तो ग्रंथ प्रथमच पूर्ण छापला, आणि त्या आवृत्तीतली पानाची मांडणी आजही जवळजवळ तशीच आहे. मधोमध मूळ ग्रंथ, बराचसा आरामाइक भाषेत. एका कडेला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताचे भाष्य. दुसऱ्या कडेला पुढच्या पिढ्यांतल्या पंडितांच्या टीपा, आणि त्यांत कित्येकदा राशीलाच आव्हान. हरलेला पक्षही इथे पुसला जात नाही, त्याचे म्हणणे नावानिशी नोंदले जाते. काही वाद तर सुटले नाहीत असे सांगूनच सोडून दिले आहेत. पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचे, ही शिस्त भाष्य आणि टीका वाचणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखू येईल. कायदा, तर्क, भाषा, इतिहास सारे एका पानावर असलेले हे साहित्य विद्यापीठात नाही अभ्यासायचे, तर कुठे?

विद्यापीठाने दार बंद ठेवले की काय होते, हे बर्लिनमध्ये घडून गेले आहे. 1823 साली प्रशियाच्या राजाने सिनेगॉगमधल्या जर्मन प्रवचनांवर बंदी घातली. लोकभाषेतले प्रवचन ही नवी टूम आहे, ज्यू धर्मात ते बसत नाही, अशी समजूत त्यामागे होती. ज्यू विद्वान लिओपोल्ड झुन्झ यांनी 1832 साली मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले, की प्रवचनाची परंपरा प्राचीन आहे आणि ज्यूंनी ते वेळोवेळी लोकांच्या भाषेतच केले आहे. राजाज्ञेला उत्तर त्यांनी हस्तलिखिते आणि तारखा यांच्या आधारे दिले. याच झुन्झनी 1848 साली बर्लिन विद्यापीठात ज्यू इतिहास आणि साहित्य यांचे अध्यासन मागितले आणि त्यांना नकार मिळाला. ज्या युरोपात ज्यूंविषयी अफवा आणि खोटे आरोप शतकानुशतके फिरत होते, तिथे त्यांच्याविषयीचे खरे ज्ञान विद्यापीठाबाहेर ठेवले गेले. नंतर ज्यूंचा जो संहार झाला त्याचे हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. पण अज्ञान पोसण्यात त्या नकाराचा वाटा होता, असे माझे ठाम मत आहे.

आता राजकारणाचा आक्षेप. गाझातल्या उद्ध्वस्त घरांकडे पाहून ज्याचे मन पेटते, त्याचा हिब्रूच्या वर्गावर राग निघणे मला समजते. तरीही तो राग चुकीच्या ठिकाणी निघतो आहे. 1948 साली पॅलेस्टिनी निर्वासितांचे काय झाले, याविषयीची इस्रायलची अधिकृत कथा 1980च्या दशकात कुणी मोडून काढली? बेनी मॉरिस आणि त्यांच्या पिढीतल्या ‘नव्या इतिहासकारां’नी. तीही इस्रायलच्या अभिलेखागारांत खुली झालेली हिब्रू कागदपत्रे वाचून. सत्तेला तिच्याच कागदांवरून जाब विचारायचा असेल, तर ते कागद वाचता आले पाहिजेत. भाषेवर बहिष्कार घालणारा स्वतःच्याच हातातले हत्यार टाकून देतो.

आणखी जवळचे उदाहरण घ्या. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातले अनेक जण इस्रायलला स्थायिक झाले, आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. त्यांच्या पूर्वजांनी घटस्फोटाचे आणि दिराशी विवाहाचे धार्मिक नियम पाळले होते का, असा प्रश्न काढून लग्न नोंदवण्याआधी वंशावळी तपासण्याचा आदेश निघाला. मराठी बोलणारी ही माणसे जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसली, आणि 1964 साली सरकारला त्यांची बाजू घ्यावी लागली. अपमान झाला होता मराठी माणसांचा, तरी मराठीत या प्रकरणाचा मुळातून अभ्यास करायचा तर ज्यू धर्मशास्त्र आणि हिब्रू दोन्ही लागतात. ज्यू विद्येचा अभ्यास म्हणजे इस्रायल सरकारची तळी उचलणे असेल, तर त्याच सरकारच्या धर्मपीठाला प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकाला आपण काय म्हणणार?

उलट बाजूच्या भक्तांनाही उत्तर द्यायला हवे. ‘ज्यू जात्याच हुशार, आपण त्यांच्याकडून शिकावे’ असे संदेश आपल्याकडे रोज फिरतात. या कौतुकात ज्ञान नाही. संपूर्ण जमात एका साच्यात बसवणारे कौतुक आणि तसाच द्वेष हे एकाच अज्ञानातून येतात. नुसत्या दुःखाचा साचाही असाच. इतिहासकार सॅलो बॅरन यांनी 1928 साली ज्यू इतिहास म्हणजे नुसती अश्रूंची कहाणी या समजुतीवर हल्ला चढवला. दोन वर्षांनी कोलंबिया विद्यापीठात ज्यू इतिहासाच्या अध्यासनावर त्यांचीच नेमणूक झाली. बॅरन यांचे म्हणणे पटायला कोकण पुरेसे आहे. इथे बेने इस्रायलांनी शतकानुशतके तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव मिळवले, आणि शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला नाही.

इथून माझी बाजू सुरू होते. मराठीचे एक अख्खे दालन हिब्रूवाचून बंद पडले आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण 1832 साली मुंबईत निघाले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्रायलांनी ती विद्या घेऊन स्वतःचा धर्म अधिक घट्ट धरला. राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली, आणि तिच्या चित्रांत बायका साडी नेसून बेखमीर भाकरी करताहेत. 1880च्या सुमारास अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनात रंगू लागली, थेट आपल्या हरदासी थाटात. मराठी साहित्याच्या इतिहासात यातले कितीसे येते?

मलिद्याचेच पाहा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचे, ठिकाण आहे. नवस फेडायला, मंगल कार्याआधी बेने इस्रायल कुटुंबे मलिदा करतात. ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे. समाजशास्त्रज्ञ हे ताट पाहतो आणि ‘हिंदू प्रसादाचा प्रभाव’ असे लिहून मोकळा होतो. हिब्रू जाणणारा मात्र म्हटले जाणारे शब्द ऐकतो. एलियाहूचे गीत होते, मग उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद, आकाशाच्या दहिवराचा आणि भूमीच्या समृद्धीचा. जगभरच्या ज्यू घरांत शब्बाथ सरताना, शनिवारी रात्री, एलियाहूची गीते आणि हेच आशीर्वाद म्हणण्याची चाल आहे. मग मलिद्याच्या मुळाशी शनिवार रात्रीची उपासना आहे काय? नारळ-पोहे कोकणाचे आणि चौकट तालमुदी परंपरेची, असे काही घडले आहे काय? उत्तर काय निघेल ते संशोधनाने ठरेल. पण हिब्रू न येणाऱ्याला हा प्रश्नच सुचणार नाही.

म्हणून अभ्यासक्रमही इथल्या मातीतून बांधला पाहिजे. परदेशातला आराखडा उचलून आणू नये. पहिल्या वर्षी अक्षरओळख मराठी भाषांतरासह छापलेल्या प्रार्थनापुस्तकांवरून व्हावी. दुसऱ्या वर्षी तनाख म्हणजे हिब्रू बायबल आणि मिश्ना ही धर्मनियमांची संहिता यांचे उतारे, जोडीला मोडी, कारण कोकणातले जुने व्यवहार त्याच लिपीत आहेत. तिसऱ्या वर्षी नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण इथल्या दफनभूमींतले हिब्रू-मराठी लेख वाचून नोंदवण्याचे काम, ऊन-पावसाने अक्षरे झिजत चालली आहेत म्हणून तातडीने. अरबी आणि पॅलेस्टिनी इतिहासाची एक प्रश्नपत्रिका सक्तीची असावी. धर्माची अट कुणालाही नको. प्रवेशाला अट ठेवायचीच तर एक ठेवावी, चांगले मराठी वाचता येण्याची, कारण या विषयातली जी साधने जगात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, ती मराठीत आहेत.