रेषेतून भाषेकडे

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात मराठीत जुना आहे. ते दूध पचवणाऱ्यांचे कौतुक समाजाने भरपूर केले. परंतु ज्यांच्या ओठांपर्यंत ते पोहोचलेच नाही, अशा प्रौढांचा विचार क्वचितच झाला. मुलाच्या शाळेतून आलेली सूचना वाचता न येणारी आई आणि बढतीच्या मुलाखतीत गप्प राहणारा कुशल कामगार यांची अडचण केवळ शब्दसंग्रहाची नसते. चाळिशीनंतर चारचौघांत चुकण्याची लाज हा त्यांच्यापुढचा खरा अडसर असतो.

अनेक संभाषण वर्गांत हा अडसर दूर होण्याऐवजी वाढतो. पहिल्याच दिवशी उभे राहून स्वतःचा परिचय इंग्रजीतून द्यावा लागतो. घर वा व्यवसाय समर्थपणे सांभाळणारी व्यक्ती तेथे क्षणात मंदबुद्धी ठरते आणि काही दिवसांतच तिची जागा रिकामी दिसू लागते.

यावर चित्रकलेची जोड हा साधा, पण परिणामकारक उपाय आहे. रांगोळीचेच उदाहरण घ्यावे. पाच ठिपक्यांच्या पाच ओळी मांडा, मधला ठिपका वरच्या ठिपक्याशी जोडा, डावीकडे पाकळी काढा, अशा सूचना शिक्षकाने इंग्रजीतून द्याव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या कागदावर उतरवाव्यात. संख्या, दिशा, रंग आणि आज्ञार्थी क्रियापदे यांचा सराव त्यातून आपोआप होतो. मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते, इंग्रजीत ते नामाआधी येते; हा गोंधळ व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा डोळ्यांसमोरच्या आकृतीतून लवकर सुटतो. चुकले तर रेषा पुसता येते, कुणी हसत नाही. पुढच्या आठवड्यात सूचना विद्यार्थिनीने द्याव्यात आणि शिक्षकाने त्या पाळाव्यात. हात ओळखीच्या कामात गुंतला की जिभेवरचे दडपण उतरते.

प्रश्न केवळ सोयीचा नाही, स्वाभिमानाचाही आहे. वारली समाजात विवाहप्रसंगी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. जिव्या सोमा म्हसे यांच्या कुंचल्याने ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. तरीही परदेशी ग्राहकासमोर आपल्या चित्राचा अर्थ सांगण्याची वेळ आली की कलावंत गप्प आणि मध्यस्थ बोलका, असे घडते. मग देवीचा चौक केवळ शोभेची नक्षी म्हणून विकला जातो. आपल्या श्रद्धेचा अर्थ आपणच सांगावा, यासाठी इंग्रजी हवी. पालघट, चौक हे शब्द मात्र तसेच ठेवावेत. त्यांचा अर्थ सांगावा, त्यांना पर्याय शोधू नये.

ही दृष्टी आयात केलेली नाही. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून स्वभाषेचा अभिमान जागवणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच १८७८ साली पुण्यात चित्रशाळेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तिथे छापलेली देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घराघरांत लागली. पुढे १८८० साली लोकमान्य टिळकांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. स्वभाषा, चित्र आणि इंग्रजी यांत त्यांना विरोध दिसला नाही. तिन्ही राष्ट्रजागृतीची साधने होती.

अर्थात, चित्र काढले म्हणजे भाषा आली, असा भ्रम नको. वाचन, लेखन व उजळणीला पर्याय नाही. तसेच कलेला केवळ भाषेची दासी करणेही योग्य नव्हे. चित्र चित्र म्हणूनही चांगले झाले पाहिजे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शालेय स्तरावर कलेच्या जोडीने शिक्षण देण्याचा आग्रह आहे आणि प्रौढ शिक्षणाचाही स्वतंत्र विचार आहे. हे दोन प्रवाह एकत्र आणण्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. वस्तीतील मंदिराचा सभामंडप, एक निवृत्त चित्रकला शिक्षक, इंग्रजी जाणणारी एखादी गृहिणी आणि आठवड्यातील दोन सायंकाळी एवढ्यावर वर्ग उभा राहू शकतो. सेवावस्तीत संपर्क असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे मनावर घ्यावे. जी माउली अंगणात न चुकता रांगोळी रेखते, तिला अक्षर अवघड नाही. तिच्यापाशी बसून ते शिकवणारे कुणीतरी हवे.